तुयसा आणि लाल रेघ

वामनकाका आज सकाळी अकोल्यात वारले. त्यांच्या बायकोचं नाव आकाशातल्या एका दगडाला चुकीचं लागलं आहे. ते मी लावलं.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

काका अकोल्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी समोरच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसायचो. बारावी अर्धवट सुटलेली, पण माझं स्पेलिंग चुकत नाही असं सगळे म्हणायचे. त्याच जोरावर आता अमरावतीत नोकरी आहे.

रिटायर झाल्यावर काकांना एक नाद लागला. परदेशातल्या दुर्बिणीने काढलेले फोटो ऑनलाइन मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो एकामागून एक बघायचे. तारे जागचे हलत नाहीत.

एखादा ठिपका सरकला, तर तो लघुग्रह.

घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून काका माझ्याकडे यायचे. मागे स्टुलावर काकू. बाजारात फुलं विकून आलेल्या, उरलेल्या शेवंतीची टोपली पायाशी.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "थो पाहा, सरकला."

"काई नाई सरकला. तुये डोये सरकले."

"पुन्ना लावा. मले फुलाची सुकेल पाकयी दुरून दिसते."

पुन्हा लावलं. सरकला होता. आम्ही तसं कळवलं.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, मंगळाकडच्या बाजूला, दोन-तीन किलोमीटरचा दगड. घरात त्याला सगळे 'गोटा'च म्हणायचे.

त्याची कक्षा ठरून कायमचा नंबर मिळायला वर्षं गेली. तोवर काकू गेल्या. मग लघुग्रहांना नावं देणाऱ्या संस्थेचा मेल आला, नाव सुचवा.

काका म्हणाले, "लिव. तुयसा."

"काका, आपल्या बोलीत ळचा य होतो, शुद्ध तुळसा आहे. आधार कार्डावरही तुळसाबाईच आहे."

"आधार कार्डाले तिनं कधी ओ नाई देल्ली. तुयसा म्हटलं का वयून पाहे."

मी Tuysa टाइप केलं. खाली लाल रेघ आली.

काका बाहेर पाणी प्यायला गेले. मी Tulsa केलं. रेघ गेली. सबमिट केलं.

जगातले शास्त्रज्ञ काकांना हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला हसतील ही भीती होती.

महिन्याभराने दुकानाच्या आयडीवर मेल आला. हेच स्पेलिंग ठेवायचं ना?

मी काकांना विचारलं नाही. Yes लिहिलं.

नाव जाहीर झालं तेव्हा काका पेढे घेऊन आले. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"य कुठी हाय?"

"त्यांच्या नियमात बसलं नाही, काका."

त्यांनी स्क्रीनवरून बोट काढलं. "असन बापा. तू शुद्धच लिवलं असशीन. पेढा घे."

मी पेढा खाल्ला.

ते नाव नेटवर शोधलं की आधी अमेरिकेतलं एक शहर येतं. एकदा काका हसत म्हणाले होते, "वर तुयसाच हाय. कागदावर दुसऱ्याच कोन्या बाईचं नाव हाय."

आज दुपारी त्यांच्या मुलीचा, सुनीताताईचा फोन आला. "बाबाच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर आईच्या गोट्याचं नाव टाकाचं हाय. तुले स्पेलिंग मालूम हाय ना?"

तेव्हा तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "चुकलं तं चुकलं. पन बाबाले खोटं काहून सांगतलं?"

मी मेल उघडला.

दुरुस्ती होते का, हे मी इतक्या वर्षांत विचारूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आज तसा मेल पाठवला. चूक माझी, काकांची नाही, असं त्यात लिहिलं आहे. काय उत्तर येईल माहीत नाही.

बॅनरवर ताईला विचारून 'तुयसा' टाकलं.

हे लिहितानाही त्या शब्दाखाली लाल रेघ येते आहे. येऊ दे.

काका, माफी मागायला मी फार उशीर केला. शेवटचा नमस्कार.