त्या फोनवर मराठी दिसत नव्हतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी तिला ठाऊक आहेत — कुणाशी भांडलो, कुणाची खुशामत केली, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं काय काय चोरून खातो. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तर मान वळवून जाल, म्हणून असेल.

फोनपासून सुरुवात करतो. फोनबद्दल बोलणं सोपं आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात लागलो आणि चढत चढत एका प्लांटचा इनचार्ज झालो. त्या वर्षी मालकांनी आम्हा तिघा इनचार्जांना नवे फोन दिले. वर छोटासा स्क्रीन, खाली इंग्रजी अक्षरांची बारीक, फुगीर बटणं, मध्ये फिरवायला एक गोळी. कमरेला लावायचं चामडी पाकीट वेगळं. आजच्या पोरांना दाखवलं तर हसतील. पण तेव्हा चहाच्या टपरीवर मी ते पाकिटातून काढलं की लोक बोलता बोलता थांबायचे. आणि मी उगाचच काढायचो, हेही कबूल करतो.

फोन चांगला होता. ईमेल क्षणात यायचा. चार्जिंग दोन दिवस पुरायचं. बटणं तर अशी की अंगठ्याला पाठ झाली होती — मालकांच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली हात ठेवून, खाली न बघता मी अख्खं उत्तर लिहायचो. नवा मेसेज आला की वरच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा आणि वाचला की बंद व्हायचा. खोट म्हणाल तर कॅमेरा भिकार. ती गोळी प्लांटच्या धुळीनं अडकायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावी लागायची. आणि मराठी दिसायचं नाही. कुणी मराठीत मेसेज पाठवला की स्क्रीनवर नुसते चौकोन — एकापुढे एक, रिकामे.

ही खोट लक्षात ठेवा. मी हिचाच आधार घेतला.

आमच्याकडे शिफ्टचं रजिस्टर असायचं. काय गळतंय, काय बिघडलंय ते ऑपरेटरनं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. फोन आल्यावर मी ते मोडीत काढलं. 'रजिस्टरात खरडत बसू नका, मला मेसेज करा,' म्हणालो. त्यात मिरवणं होतंच. पण दुसरंही होतं. रजिस्टर कुणीही उघडून वाचतं, माझा फोन माझ्याच खिशात. शिवाय माझा जुना नियम कायम होता — माझं उत्तर आल्याशिवाय चालू बॅच कुणी थांबवायची नाही. मी कुठेही असलो तरी.

जयराम जवळच्याच पाम गावचा. अकरा वर्षं कंत्राटी ऑपरेटर, हाताला चांगला, डोक्यानं त्याहून चांगला. पंपाच्या नुसत्या आवाजावरून काय दुखतंय ते सांगायचा. त्या वर्षी पाच जणांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत त्याचं नाव पहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं. माणूस मला आवडायचा, यावर आता विश्वास ठेवाल का?

त्याच्या नव्या फोनमध्ये मराठी लिहिता यायचं, त्याचं त्याला केवढं कौतुक! पहिला मेसेज त्यानं मराठीत पाठवला आणि माझ्याकडे चौकोन आले. मी चारचौघांत हसलो. 'काय रे, लाद्या बसवायला घेतल्यास काय?' तो ओशाळला. 'आमाला विंग्रजी कुटं येतं साहेब,' म्हणाला. मग मीच त्याला सांगितलं, मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. महिनाभरात शिकला. केबिनच्या भिंतीवर पंपांची, वॉल्वची नावं इंग्रजी अक्षरांत लिहून कागद चिकटवला आणि त्यात बघून बघून टाईप करायचा. त्यानंतर त्याचा एकही मेसेज चौकोनांत आला नाही. एकही नाही.

तो रविवार होता. पालघरला मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा. जाताना मी बजावून गेलो होतो — फोन करू नका, चारचौघांत बोलता येत नाही, मेसेज करा. प्लांटमध्ये बॅच चालू होती, गरम कॉस्टिक आत जात होतं — अंगावर उडालं तर कातडी जाळणारं. मध्येच थांबवली तर अख्खा माल वाया. आणि सोमवारी मालक गिऱ्हाइकाला घेऊन तोच माल दाखवायला येणार होते.

जेवणाची पंगत बसली होती. लाल दिवा लुकलुकला. जयरामचा मेसेज. दोन नंबर पंपाची ग्लँड गळते आहे — म्हणजे पंपाचा दांडा जिथून आत जातो ती जागा — बॅच थांबवू का? इंग्रजी अक्षरं, स्वच्छ. मी वाचला. दोनदा वाचला.

उत्तर काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं असं समजू नका. प्लांटमध्ये दोन वर्षं काढलेला कुणीही सांगेल — पंप बंद कर. तीन शब्द. त्या बटणांवर मला ते लिहायला तीन सेकंद लागले असते, तेही डाव्या हातानं. मग का नाही लिहिले? कारण 'बंद कर' लिहिलं की वाया गेलेली बॅच माझ्या नावावर. 'चालू ठेव' लिहिलं की पुढे जे होईल ते माझ्या नावावर. आणि तो फोन काही विसरायचा नाही — तारीख, वेळ, सगळं जपून ठेवायचा. काहीच लिहिलं नाही तर? तर जयराम त्याच्या अकलेनं काहीतरी करेल. बॅच वाचली तर माझी, बुडाली तर त्याची. असा हिशोब मी हातात जिलबी धरून केला.

पुन्हा दिवा लुकलुकला. 'साहेब काय करू.' तोही वाचला. दिवा विझला, मी फोन पाकिटात घातला आणि मूग गिळून बसलो. मूग कसले — मठ्ठा मागून घेतला आणि नीट जेवलो.

तो थांबला होता माझ्या उत्तरासाठी. जवळजवळ तासभर. गळती वाढत चालली, तेव्हा बॅचही थांबवायची नाही आणि गळतीही थांबवायची, म्हणून पाना घेऊन चालू पंपाची ग्लँड आवळायला गेला. माझा नियम मोडायचा नाही म्हणून. कॉस्टिकची चिळकांडी चष्म्याच्या बाजूनं आत गेली. डावा डोळा.

मला फोन आला तेव्हा नवरानवरीला पेढे भरवणं चाललं होतं. मी लगेच निघालो, हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मला काळीजच नव्हतं. काळीज होतं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती, दुसऱ्याच्या शेतातल्या भाताच्या कामावरून तशीच आलेली, पायांना चिखल. तिनं मला बघून पदर सावरला आणि उठून उभी राहिली. साहेब आले म्हणून. मी तिला म्हटलं, 'काळजी करू नका, मी आहे ना.' मग जिन्याखाली गेलो आणि ते दोन्ही मेसेज पुसले. त्यासाठीही एक बटण होतं.

त्याच्या बाजूनं पुरावा उरलाच नव्हता. डोळा धुवायला त्याला कपड्यांसकट पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याखाली धरलं होतं आणि खिशातला फोन त्यात कायमचा गेला. रजिस्टर मी बंद केलेलं. लिहिलेलं असं जगात काही नव्हतं.

कारखान्याची चौकशी समिती बसली. तिघेजण, समोर बिस्किटं. मी सांगितलं, मेसेज आला होता, पण मराठीत. या फोनवर मराठी दिसत नाही. आणि दाखवला — त्याचा तो पहिला, कित्येक महिन्यांपूर्वीचा, चौकोनांचा मेसेज. मी तो ठेवला होता, लोकांना दाखवून हसायला. फोन त्यांच्या हातात दिला नाही. मीच धरला, आणि वर जिथे तारीख असते तिथे अंगठा ठेवला. छोटासा तर स्क्रीन. कुणी म्हणालं नाही, अंगठा काढा.

मग जयरामला बोलावलं. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. त्याला विचारलं, मराठीत का पाठवलास? आता हा सगळं बाहेर काढणार, मला वाटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं — एका डोळ्यानं — आणि म्हणाला, 'मला तं वाटतंय मी विंग्रजी अक्षरांतच टाकलेला. पन घाबरलेलो, घाईत मराठीत गेला असंल. साहेब कशाला खोटं बोलतील?'

अहवालात आलं — वरिष्ठांना वाचता येईल अशा रीतीनं कळवलं नाही, परवानगीशिवाय चालू पंपाला हात लावला. कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं. पुढच्या कंत्राटात त्याला घेतलंच नाही. एका डोळ्याचा माणूस प्लांटवर चालत नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होतो. दोन वर्षांनी मी मॅनेजर झालो. मी तेव्हा बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती का? कदाचित नसतीही गेली. मी हे आजवर तपासूनसुद्धा पाहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात पालघरजवळ कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो होतो, एका सातबाऱ्याच्या कामाला. अपंगांच्या दाखल्याच्या रांगेत जयराम उभा होता. केस पिकलेत. आता मिरच्या लावतो, थोडी भाजी. त्यानं मला लांबूनच ओळखलं, रांग सोडून आला, घरच्यांची एकेकाची चौकशी केली. मग म्हणाला,

'साहेब, एक बोलायचं राहून गेलेला. माज्या चुकीनं त्या टायमाला तुमालाबी कमिटीम्होरं हुबं रावाय लागलं. तुमी मला शिकवलेला, तरी मी मराठीत धाडला. लय वरसं मनात हाय. माफी मागायची व्हती.'

आजूबाजूला आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. समितीही नव्हती, मालकही नव्हते. नोकरीतून मी निवृत्त झालोय, कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, 'जाऊ दे जयराम. मी कधीच माफ केलंय तुला.'

त्यानं हात जोडले. मोकळं वाटलं, म्हणाला, आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.