बेशरमाच्या काठचे शिंगाडे

जानराव आणि गफ्फार तळ्याच्या पाळीवर भांडत होते, तेव्हा भागिरथा भोईण त्याच तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. पायाच्या अंगठ्यानं शिंगाड्याचा वेल चिखलात रोवत होती. वरून दिसत होतं ते नुसतं डोकं, आणि भोयाच्या बाईच्या डोक्याला विचारतो कोण?

"हे बेशरमाचं झाड कायले लावता, भाऊ? बकरीबी तोंड लावत नाही त्याले," गफ्फार म्हणाला. बकऱ्यांचा व्यापार होता त्याचा.

"म्हणूनच त लावून राह्यलो. कोणी खात नाही, पाळ धरून ठेवते, अन् गुलाबी फूल फुकटात."

"एकदा घुसलं की जात नसते ते."

"तू बकऱ्या पाहाय. तळं पंचायतीचं हाये."

पंचायत म्हणजे जानराव, त्याचा साडू आणि एक मोडकी खुर्ची.

बहात्तरच्या दुष्काळात आटलेलं तळं पुन्हा भरलं, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. भागिरथाचा नवरा कधीच गेला होता. जितेपणी तरी काय, तो मरळ मासे धरायला जायचा आणि काठावर झोपून यायचा. तिचं पोट होतं ते उथळ पाण्यावर. अंगठा तळाला टेकेल तेवढंच तिचं शेत. गाव म्हणायचं, शिंगाड्याला काटे दोन, भागिरथाला बत्तीस.

दोन पावसाळ्यांत बेशरम पाळीवरून खाली उतरलं आणि उथळ पाण्यात मांडी घालून बसलं. पाणकोंबड्या खूश, साप त्याहून खूश. शिंगाड्याला मात्र ऊन लागतं. सावलीत वेल पिवळा पडला, आणि पुढं सरकावा तर खोल पाणी.

तिच्या बोंबलण्यानं काही झालं नाही. जानरावाची म्हैस त्या झाडोऱ्यात अडकली, तेव्हा झालं. साऱ्या गावाला कोयते घेऊन बोलावलं. "तोडा अन् पाण्यातच ढकला, सडून जाईल," जानराव म्हणाला. ढकललं सगळ्यांनी. भागिरथाचा भारा सगळ्यात मोठा.

पुढच्या आषाढात तुकड्या-तुकड्याला पालवी फुटली. थेट तिच्या वेलांत.

ती तशीच ओल्या लुगड्यानं जानरावाच्या ओट्यावर गेली.

"मले काय म्हणतं? तुवाबी त फेकलं," जानराव म्हणाला.

"तुमच्या हातचं लावलेलं आजवर काही जगलं काय? त्या भरवशावर फेकलं मी."

ओट्यावरची माणसं हसली. जानराव पानाला चुना लावत बसला. तळ्याकडे कोणी फिरकलं नाही. भागिरथा रोज एकटी उपटत राहिली, आणि उपटलेलं डोक्यावर वाहून उन्हात वाळवत राहिली. एवढं करूनही त्यानंतरच्या तिसऱ्या साली तिच्यापाशी खाटेएवढं पाणी उरलं.

त्या साली नवरात्राच्या सुमाराला तिच्या छातीत कफ भरला होता. दसरा काही तिनं पाहिला नाही, त्याआधीच गेली. पण घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन जानरावाच्या दारात आलीच. उपासाचे पहिले शिंगाडे त्या घरी द्यायचे, ही सासूपासूनची रीत.

जानरावाची बायको दुर्गाबाई ताट घेऊन बाहेर आली. "यंदा एवढेच व?"

"बाकीच्या जागी तुमच्या मालकानं पेरलं ना, बाई. फुलं मस्त आली हायेत. त्याचीच भाजी करा उपासाले."

दुर्गाबाईनं ताट पुढं केलं. भागिरथानं चांगले भरलेले, हिरवेगार निवडून दोन ओंजळी ताटात टाकल्या, चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली आणि केनवडच्या बाजाराची वाट धरली.