केसाळ सुरवंट आणि तांबडा भुंगा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सेमिनारसाठी माझ्या वाट्याला आली बर्फाळ प्रदेशातल्या दोन कीटकांची तुलना. पाटोद्यात स्वेटर महिनाभरही अंगावर राहत नाही. पण गल्लीत नुकतंच केबल आलं होतं आणि परदेशी चॅनेलवर मी पोटभर बर्फ पाहून घेतला होता. बोलायचा सराव मात्र घरच्यांसमोरच करावा लागणार होता.

त्या रविवारी घरात वेगळंच शिजत होतं. माजलगावचं स्थळ आलं होतं, मुलगा साखर कारखान्यात. परीक्षेआधी लग्न उरकायचं आणि पुढे शिक्षण बंद, ही त्यांची अट. माझ्या वडिलांना, अप्पांना, संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी धुसफुसतच उभी राहिले आणि सुरू केलं.

"पहिला केसाळ सुरवंट. हिवाळ्यात पार गोठून दगड होतो. उन्हाळ्यात वितळतो, थोडं खातो, पुन्हा गोठतो. अशी कित्येक वर्षं काढल्यावर कुठे त्याचा पतंग होतो. दुसरा तांबडा भुंगा. त्याची अळी झाडाच्या सालीखाली राहते. थंडीच्या आधीच अंगात ग्लिसरीन साठवते आणि गोठतच नाही."

"आपण ओठाला लावतो ते?" आत्याने विचारलं.

"तेच."

आमच्याकडे दोन गोष्टी समोर आल्या की त्यांची स्थळं व्हायला वेळ लागत नाही.

"सुरवंट बरा बाई," आत्या म्हणाली. "सोशीक हाय."

"भुंगा हुशार हाय की," आई म्हणाली. "पर घरदार काय त्याला?"

"सांगितलं ना, सालीखाली."

"म्हंजे भाड्याचं!" आत्याने भुंगा नापास केला. माझा राग कुठल्या कुठे गेला, हसून हसून पोट दुखायला लागलं.

अप्पा तेवढे हसले नाहीत. बशीतला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "तो सुरवंट गोठतो, तवा आपला टाइम चाललाय हे त्याला कळतं का गं?"

"पुस्तकात तसं काय न्हाई," मी म्हणाले. "पर मला कळंल, अप्पा."

मला एकदम रडूच आलं. अप्पांनी चपला घातल्या आणि एसटीडी बूथकडे निघाले.

"काय सांगणार त्यास्नी?" आत्याने विचारलं.

"पोरीची परीक्षा हाय म्हणून."

"अन् परीक्षा झाल्यावर?"

"मंग पुढची परीक्षा हाय," अप्पा दारातून म्हणाले.