सॅलॅमँडरच्या शेपटीतला व्हॉइड

"शेपटीत व्हॉइड आहे," मी स्क्रीनकडे बघत म्हणालो. व्हॉइड म्हणजे ओतकामात राहिलेली पोकळी. धायरीच्या आमच्या लॅबमध्ये मी गाड्यांच्या ॲल्युमिनियम पार्टचं सीटी स्कॅनिंग करतो, त्यामुळे तोंडात तोच शब्द बसलाय. त्या दिवशी मशीनमध्ये सॅलॅमँडर होता. बेडकाचा नातेवाईक, दिसायला पालीसारखा, मध्य अमेरिकेच्या जंगलातला.

मृणालताई कॉलेजात संशोधन करतात. त्यांनी परदेशी संग्रहालयाकडून बरण्यांत जतन केलेले दोन सॅलॅमँडर अभ्यासाला आणले होते. या दोन वेगळ्या जाती आहेत, हा त्यांचा दावा. मुख्य पुरावा शेपटीचा: एकाची धडाच्या सव्वापट, दुसऱ्याची पाऊणपट. बरण्या दुसऱ्याच दिवशी परत जायच्या होत्या.

मला वाटलं, सेटिंग चुकलं. धातूला लागणारं व्होल्टेज नाजूक हाडांना जास्त होतं. ते उतरवून पुन्हा स्कॅन लावला. तेवढ्यात आमचे साहेब आले.

"कस्टमरचा पार्ट लावायचाय. पाली काय, आमच्या भिंतीवर रोज दिसतात."

"साहेब, हा एवढाच."

नवा स्कॅनही तसाच. आखूड शेपटीतले मणके मध्येच संपलेले. पुढे मांस आहे, हाड नाही.

मृणालताईंनी खुर्ची पुढे ओढली. "अहो, हा व्हॉइड नाही. शेपटी तुटून पुन्हा आलीय. नव्या शेपटीत आधी कूर्चा येते, नाकाच्या शेंड्यासारखी मऊ. ती हाडासारखी उमटत नाही."

"मग लांबीचा आकडा?"

"गेला. आणि दावा त्याच्यावरच उभा होता."

"तुटून बदलणार नाही असं काही मोजता येईल?"

त्यांनी लांब शेपटीवाल्याचा आधीच झालेला स्कॅन शेजारी उघडायला लावला. मग म्हणाल्या, "मागचे पाय दाखवा."

दोघांची बोटं पडद्याने जोडलेली, बाहेरून सारखीच. झूम केलं. लांब शेपटीवाल्याच्या शेवटच्या बोटात दोन हाडं. दुसऱ्याच्या बोटात एकच.

"दुसरा पाय बघू," मी म्हणालो. एक बाजू बघून आम्ही पार्ट पास करत नाही. तिथेही एकच हाड. मृणालताई खुर्चीतून उठल्या. मीही उभा राहिलो, का ते माहीत नाही. साहेब कस्टमरला विसरून स्क्रीनला नाक लावून उभे.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले. पुन्हा मोजलं. तेच.

पुढे संग्रहालयाने स्वतःकडचे आणखी नमुने स्कॅन केले. बोटांचा फरक टिकला, दोन जाती ठरल्या. शेपटीची लांबी मृणालताईंनी लेखातून काढून टाकली.

मी मात्र आता स्कॅनआधी प्रत्येक कस्टमरला विचारतो, पार्ट कधी तुटून दुरुस्त झालाय का. त्यांना राग येतो. काहींनी, जरा वेळाने, हो म्हटलंय.