बोडीचा डाव

मुलांनो, गेल्या दिवाळीत मुर्रीला आपल्या घरी काय झालं ते तुमच्या आईने फोनवर अर्धंच सांगितलं असेल, कारण तिलाही अर्धंच माहीत आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

घरामागची बोडी तुम्ही पाहिली आहे. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी खोदलेलं ते लहान तळं. आपल्या आणि धाकट्या आजोबांच्या, दोन्ही घरांच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, धानासाठी पाणी तिथूनच जातं. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं एकत्र आहेत. गोंदिया शहर पसरत पसरत आमच्या कुंपणाला लागलं, तेव्हापासून धाकट्यांना बोडी बुजवून प्लॉट पाडायचे होते. त्यासाठी आजोबांची सही हवी होती. आजोबा सही करत नव्हते आणि कारणही सांगत नव्हते. त्यांनी त्या विषयावर बोलणंच सोडलं होतं, आणि मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर आम्ही चौघं ओसरीत बसलो: आजोबा, मी, धाकटे आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. समोर थोरल्या नातवाने मागे आणलेला पोकरचा डबा होता. आमच्याकडे दिवाळीला तीन पत्ती खेळतात. पोकर कोणालाच धड येत नव्हतं. डब्यातला नियमांचा कागद इंग्रजीत, म्हणून तो मी वाचून मराठीत समजावला. जिथे मराठी शब्द सुचला नाही तिथे इंग्रजीच ठेवला.

चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, वाटून झाल्यावर धाकटे हसत म्हणाले, "दादा, नुसतं काऊन खेळायचं? बोडीवर खेळू. शेवटी जे दोघं उरतील त्याहीनं ठरवावं. दोघंही आमच्या घरचे उरले तं तू सही करशील. तुमच्या घरचे उरले तं मी पुन्हा नाव नाई काढणार."

"आणि दोन्ही घरचा एकेक उरला तर?" मी विचारलं.

"मंग आहे तसंच. बोडी राहीन जागेवर."

मला वाटलं, आजोबा उठून जातील. ते म्हणाले, "वाट पत्ते."

हे थट्टेत निघालं होतं, पण दोन्ही भावांचे चेहरे थट्टेचे नव्हते. घरात चार माणसांसमोर दिलेला शब्द यांच्यात कोणी परत घेत नाही, हे मी पंचेचाळीस वर्षं पाहते आहे.

आजोबा तासाभरात बाद झाले. हातात एक्क्याची जोडी आली आणि त्यांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. धाकट्यांच्या हातात लहान पत्ते होते, पण मध्ये सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांशी जुळून त्यांचे तीन सारखे झाले. आजोबा म्हणाले, "एवढे चांगले पत्ते कोणी पॅक करते का?" मग ते खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आता आम्ही तिघं होतो. धाकट्यांसमोर चिप्सचा ढीग, माझ्यासमोर त्याच्या निम्म्या, आणि जावेकडे जेमतेम सहा. मी बाद झाले तर ती दोघं नवराबायको उरणार आणि बोडी जाणार. मला जिंकायची गरज नव्हती. जावेनंतर बाद होणं एवढंच पुरेसं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पोकरमध्ये दर डावाला आळीपाळीने कोणीतरी पत्ते बघण्याआधीच ठरलेल्या चिप्स टाकायच्या असतात. त्याला ब्लाइंड म्हणतात. मी सांगताना म्हणाले होते, "ब्लाइंड म्हणजे न बघता लावायचं." तीन पत्तीत ब्लाइंड खेळणारा पत्ते उचलतच नाही. जावेने तेच धरलं. तिच्यावर ब्लाइंड आला की ती पत्ते पालथेच ठेवायची आणि समोरचा जेवढं लावेल तेवढं लावायची. तिसऱ्या डावातच हे माझ्या लक्षात आलं होतं. डाव संपला की सांगू, असं मी म्हटलं. मग आजोबा बाद झाले, आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या डावात जावेने पत्ते पाहून पॅक केलं, म्हणजे तो डाव सोडला. धाकट्यांनी माझ्याकडे पाहत सगळा ढीग पुढे ढकलला. मी पत्ते उचलले. दोन बादशाह.

आजोबांनी मागून पाहिलं. "लाव."

मी जावेसमोरच्या सहा चिप्स पुन्हा मोजल्या.

"अवो, विचार का करून राहिली? लाव ना!"

"वहिनी मास्तरीण आहेत दादा," धाकटे म्हणाले, "त्या पेपर तपासून राहिल्या."

बहुधा मीच पुढे होते. पण हरले तर सगळं संपत होतं, आणि पुढचा ब्लाइंड जावेवर येणार होता. मी बादशाह पालथे सरकवले. "पॅक."

धाकट्यांनी मुद्दाम आपले पत्ते उलटे करून दाखवले. एक्का आणि सत्ती.

"जितलेला डाव घालवला," आजोबा म्हणाले. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

मग जावेने ब्लाइंडच्या दोन चिप्स टाकल्या. तिच्याकडे चार राहिल्या. बायको वाचावी म्हणून धाकट्यांनी लगेच पॅक केलं आणि तिला म्हणाले, "सांभाळून." माझ्याकडे गुलाम आणि नव्वा होता. मी तिच्या चारही चिप्स जातील एवढं लावलं.

ती पालथ्या पत्त्यांवर बोट ठेवून क्षणभर थांबली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती विचारणार होती. मी नजर खाली वळवली. तिने चारही चिप्स टाकल्या.

तिच्याकडे दुर्री आणि सत्ती निघाली. मधल्या पत्त्यांत एक नव्वा आला. ती बाद झाली.

"असे पत्ते घेऊन लावलं?" धाकटे ओरडले. "पाहिले नाई का?"

"ब्लाइंड होता ना! ब्लाइंडले कोणी पाहते का?"

धाकट्यांनी नियमांचा कागद उचलला, थोडा वेळ पाहिला आणि घडी करून माझ्यासमोर ठेवला.

"वहिनी, तुमाले दिसत होतं."

"हो," मी म्हणाले.

"ठीक आहे. बोडी राहीन. सही मी मांगणार नाई."

त्यांनी शब्द पाळला. सहीसाठी ते पुन्हा आले नाहीत. महिनाभराने पोस्टाने नोटीस आली: त्यांनी वाटणी मागितली आहे. मोजणी होईल, मधोमध हद्दीचे दगड पडतील, बोडीचा अर्धा भाग त्यांचा होईल. त्यात ते मुरूम टाकतील. अर्ध्या बोडीत पाणी टिकत नाही, हे आजोबांना माहीत आहे. ते नोटीस वाचून झोपायला गेले, दुपारी चार वाजता.

काल जाऊ बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, भेटली. पूर्वी ती पाण्यापाशी थांबून तासभर बोलायची. काल दहा पावलांवरूनच म्हणाली, "ताई, हे म्हणत होते, तवा तुमी एक शब्द सांगितला असता तं हरलो असतो तरी मोजणी नसती मागितली."

ते खरं आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. मोजणी सोमवारी आहे.