रोजच्या वाटेवरची पटाची जोडी

पटाच्या बैलांनी रोज कामावर जायचं नसतं, हे आमच्या धनज गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वर्षातून चार-दोनदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानात जीव खाऊन पळायचं आणि बाकीचे दिवस गोठ्यात सरकी खात, मालकाकडून अंग चोळून घेत बसायचं, असा त्या जनावरांचा थाट. बबनरावांनी मात्र हे कानाआड केलं होतं. ते आपली पटाची जोडी रेंगीला जुंपून रोज कारंज्याला जात. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी गाडी, दोन माणसं बसली की भरली. कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस तोलायच्या कामावर होते.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. कारंज्यातल्या एका शेटजींनी तेव्हा मोटार आणली होती. ती पावसाळाभर छपराखाली झाकून असे आणि उन्हाळ्यात धुळीला भिऊन बाहेर निघत नसे. आमच्या भागात खरं पळणारं वाहन एकच होतं, बगळ्या आणि पाखऱ्या जुंपलेली बबनरावांची रेंगी.

मी बबनरावांचा शेजारी. भिंतीला भिंत लागून घर. मी त्या रेंगीत एकदाच बसलो. गावाच्या नदीपर्यंत टोपी धरून होतो, पुढं टोपी सोडली आणि गाडी धरली.

"बबनराव, जरा हळू!" मी ओरडलो.

"हे हळूच चालून राह्यले, भाऊ," ते म्हणाले. "जोरात पाह्यचं हाये का?"

मी नको म्हणालो आणि येताना कापसाच्या रिकाम्या गाडीत बसून आलो.

अशी जोडी रोजच्या कामाला बाळगणं म्हणजे काय जाच असतो, ते मी भिंतीपलीकडून पाहिलं आहे. त्या बैलांना साधा कडबा चालत नसे. सरकी पाहिजे, उडदाचं पीठ पाहिजे, थंडीत तुपात मळलेले कणकेचे गोळे पाहिजेत. बबनरावांच्या स्वतःच्या भाकरीवर तूप मी कधी पाहिलं नाही. त्या बैलांना नांगराला जुंपायची सोय नाही, खांदा बिघडतो. म्हणजे गोठ्यात गावातली सगळ्यात देखणी जोडी, आणि पेरणी आली की हा माणूस माझ्या दारात उभा, "भाऊ, तुमची जोडी दोन दिवस देता का?" रेंगीत ओझं टाकता येत नसे. रस्त्यात कुणीही टवाळ पोरगं गाडी आडवी घालून शर्यत लावायला बघे. लोक हसत. कुणी म्हणे मिजास आहे, कुणी म्हणे डोकं फिरलं आहे. बबनराव ऐकून घेत आणि चालू लागत. पटाच्या मैदानाकडे तर त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

खरं कारण गावात दोनच घरांना माहीत होतं, त्यांच्या आणि माझ्या.

बबनरावांच्या बायकोला, रुख्मिणीला, रातांधळं होतं. दिवसा सुईत दोरा ओवणारी ही बाई दिवेलागण झाली की ठार आंधळी होई. मूलबाळ नव्हतं, सासू वारली होती. एका संध्याकाळी चाचपडत चुलीतलं लाकूड सारायला गेली आणि कोपरापर्यंत हात भाजून बसली. भिंतीपलीकडे आम्ही जागे होतो, पण तिनं हाक मारली नाही. हाक मारायची तिला लाज वाटली! माझी बायको कमलीबाई दुसऱ्या दिवशी तिला इतकी बोलली, इतकी बोलली, की शेवटी दोघी रडल्या. तेव्हापासून बबनरावांनी एकच नेम धरला. सूर्य बुडायच्या आत घरी. साध्या बैलांनी ते जमत नव्हतं. जिनाचं काम सुटेपर्यंत ऊन कलतं, आणि आमच्या साध्या जोड्या वाटेत रात्र करतात.

आणि ही जोडी आली कुठून, तर रुख्मिणीच्या माहेरून. तिचा थोरला भाऊ इंद्रभान रिठदचा. पट म्हटला की या माणसाला खाणंपिणं सुचत नसे. त्यानं एका भाऊबिजेला बहिणीला ओवाळणी म्हणून दोन गोऱ्हे घातले. आपल्या हातानं निवडलेले. धनजात आपल्या बहिणीच्या घरची जोडी पट मारेल, ही त्याची हौस. ती जोडी जिनाच्या दारात उभी राहते हे कळल्यावर त्याचा तिळपापड झाला.

भावाला बहिणीच्या डोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं. त्याला कळलं तर तो आपल्याला रिठदला उचलून नेईल आणि आपला संसार मोडेल, ही तिची धास्ती. तिनं बबनरावांना देवाची शपथ घातली होती. भाऊ मुक्कामाला आला की ती दिवसाउजेडी सगळा स्वयंपाक उरकून घेई आणि अंधार पडला की पाटावरून उठतच नसे. वाढायला कमलीबाई जाई. इंद्रभानाला वाटे, सासरी आपली बहीण पाटलिणीसारखी बसून खाते. मोठा खूश होई.

त्या वर्षी पौषात आमच्या गावाजवळच्या माळावर पट भरला. इंद्रभान आदल्या दिवशी आला आणि चार माणसांत बबनरावांना म्हणाला, "जवाईबुवा, उद्या जोडी मी हाकतो. पयला नंबर आला तर पुन्हा तोंड उघडत नाही. नाही आला तर जोडी रिठदले नेतो. तुमाले नांगराची चांगली जोडी पाठवतो. पटाच्या बैलाचा असा टांगा करून राह्यले, मले पाहावत नाही."

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलावं तर शपथ मोडते, गप्प बसावं तर जोडी जाते. ते म्हणाले, "बरं."

माझ्या तर अंगाचा भडका उडाला. ओवाळणी परत नेणारा भाऊ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला! पण बोललो नाही. शपथ मलाही होती.

पटाच्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हतं. दोन-दोन जोड्या सुटत होत्या. बगळ्या-पाखऱ्यांच्या शेजारी पलीकडच्या गावच्या उदयसिंगांची नावाजलेली जोडी उभी राहिली. इंद्रभान हलक्या छकड्यावर चढला, झेंडी पडली, आणि मी खोटं कशाला बोलू, सगळा राग विसरून ओरडायला लागलो. काय पळाले! अर्ध्या मैदानातच उदयसिंगांची जोडी मागं पडली. इंद्रभानाला चाबूक उचलावा लागला नाही. शेवटच्या दोरीपर्यंत आता चार ढांगा राहिल्या होत्या.

त्या दोरीच्या अलीकडे, बाभळीखाली, जमनाबाई उभी होती.

जमनाबाई वाटेवरच्या तांड्यातली म्हातारी. रानातला डिंक, बोरं, औषधी मुळ्या गोळा करून कारंज्याच्या बाजारात विकणारी. रोज सकाळी तांड्याच्या आंब्याखाली डोक्यावर गाठोडं घेऊन उभी राही आणि बबनराव तिला रेंगीत घेत. तीन वर्षं हा रतीब. पुढं पुढं बबनरावांना कासरा ओढावाही लागत नसे. डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी दिसली की बैल आपणहून कडेला जाऊन थांबत. त्या दिवशी ती आपल्या ओळखीचे बैल कसे पळतात ते पाहायला आली होती, डोक्यावर गाठोडं तसंच.

आधी बगळ्यानं पाहिलं. त्यानं मान वळवली, पाय आवरला. पाखऱ्यानं त्याला साथ दिली. छकडा मैदान सोडून तिरपा गेला, धुरळा उडाला, आणि जोडी बाभळीखाली जमनाबाईसमोर शहाण्यासारखी उभी राहिली. इंद्रभान जवळजवळ बैलांच्या शिंगांवर आला. आणि त्या म्हातारीनं काय करावं? सवयीनं गाठोडं उतरवलं आणि छकड्यात ठेवलं!

उदयसिंगांची जोडी शेजारून दोरी ओलांडून गेली. सगळा माळ हसत होता. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. मीही हसलो, आणि मग बबनरावांचं तोंड पाहिलं. ते हसले नव्हते.

इंद्रभान त्या रात्री बहिणीच्या घरी जेवला नाही. सकाळी आला तो जोडी न्यायलाच. बबनरावांनी स्वतः रेंगी जुंपून दिली, दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कासरा मेव्हण्याच्या हातात दिला. रुख्मिणी दारात उभी होती. तिनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि भावाला म्हणाली, "सांभाळून जाय, दादा." मग बबनराव कापसाच्या एका गाडीत बसून कामावर गेले. रात्र झाल्याशिवाय ते परतणार नव्हते.

पुढचं मला इंद्रभानानंच नंतर सांगितलं. तांड्याच्या आंब्याखाली बैल थांबले. चाबूक ओढला तरी हलेनात. जमनाबाई रेंगीत चढून बसली, तेव्हा निघाले.

"बबनराव कुठी हाये?" तिनं विचारलं.

"बैल आता माहे हायेत. रिठदले चाललो."

"मंग आज तो येळेवर घरी कसा जाईन?"

"रातीले जाईन. बाकीचे लोक जात नाहीत का? त्याले एवढी कायची घाई हाये?"

म्हातारीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण रोज शेजारी बसून जाणाऱ्या माणसाचं काळीज कळतंच की. "बहिणीले इचार," एवढंच म्हणाली आणि कारंज्याला उतरून गेली.

इंद्रभानानं बैलांना नाल ठोकून घेतले, बाजारात जेवला, पण ते दोन शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. ऊन कलल्यावर रिठदच्या वाटेला लागायचं सोडून त्यानं रेंगी उलटी फिरवली.

इकडं धनजात दिवे लागत होते. कमलीबाई रुख्मिणीजवळ बसायला निघालीच होती, एवढ्यात घुंगरमाळ वाजली. मी ओट्यावर होतो. बगळ्या-पाखऱ्या नेहमीच्या वेगानं आले आणि नेहमीच्या जागी थांबले. गाडीत इंद्रभान.

माळेचा आवाज ऐकून रुख्मिणी भिंतीला हात लावत बाहेर आली. हातात पाण्याचा लोटा होता. चेहरा असा फुलला होता की मला पाहवेना.

"आणले का परत?" ती म्हणाली. "दादानं देले न? म्या काल रातीच म्हटलं होतं तुमाले. माहा दादा तोंडाचा कडू हाये, मनाचा नाही."

इंद्रभान खाली उतरला होता. तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"आणि त्याले माह्या डोयाचं सांगतलं तर नाही न तुमी? सांगू नका. तो घोर लावून घेईन. धरा, पाणी घ्या."

तिनं लोटा पुढं केला, तो रिकाम्या जागेत. इंद्रभान बाजूला सरकला, जिथं लोटा होता तिथं, आणि दोन्ही हातांनी घेतला. प्यायला नाही. तसाच धरून उभा राहिला. मी मान फिरवली.

"रुख्मे," तो शेवटी म्हणाला.

तिचा हात हवेतच राहिला. मग तिनं हळूच पदर डोक्यावर घेतला, आणि लहानपणी चोरी पकडली गेल्यासारखी खाली मान घालून उभी राहिली.

"ते कुठी हायेत?" तिनं विचारलं.

"वाटेवर असन. घेऊन येतो." लोटा ओट्यावर ठेवून तो पुन्हा रेंगीत चढला. पट हाकतानाही त्यानं चाबूक उचलला नव्हता, तो आता उचलला.

बबनरावांना त्यानं निम्म्या वाटेवर कापसाच्या गाडीतून उतरवून घेतलं. दोघं घरी आले तेव्हा मी विचारपूस करायला गेलो. इंद्रभान बैल सोडत होता आणि सोडता सोडता मोठ्यानं बोलत होता, "बिघडवले तुमी बैल, जवाईबुवा. पार बिघडवले. म्हातारी दिसली की थांबते, दिवा लागला की घरी पयते. असे बैल माह्या काय कामाचे? ठेवा तुमच्याकडेच." बोलताना त्यानं आमच्याकडे पाठ ठेवली होती.

बबनरावांनी सरकीची पाटी उचलली आणि गोठ्यात गेले.

भाऊ मुक्कामाला आहे म्हणून कमलीबाई नेहमीप्रमाणे वाढायला उठली. रुख्मिणीनं तिचा हात धरून खाली बसवलं. स्वतः उठली. भिंत चाचपत चुलीपाशी गेली, परातीचा काठ बोटांनी शोधून भाकरी काढल्या, आणि पाऊल पुढं टाकून भावाचं ताट कुठं आहे ते हातानं पाहिलं. इंद्रभानानं ताट तिच्या हाताखाली सरकवलं. तिनं त्यात भाकर वाढली आणि विचारलं, "दादा, तूप घालू का? जरा सांडन."

"सांडू दे," तो म्हणाला.