काळजातली चोरवाट

विजयमाला चौगुले यांनी मंगळवार पेठेजवळच्या एका शाळेत पंचवीस-सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण आयुष्यात एकदाही बेडूक कापला नाही. माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडचं, घर जैनांचं. मुंगी पायाखाली आली तरी आई दिवसभर हळहळायची. कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांनी सरांना सरळ सांगून टाकलं होतं, माझे मार्क कापा, पण मी हे कापणार नाही. शिक्षिका झाल्यावरही तोच नेम राहिला. हृदय शिकवायचं ते फळ्यावर. निळा खडू, लाल खडू, चार कप्पे, झडपा, बाण. आकृती अशी रेखीव यायची की तास संपल्यावर पोरं ती पुसायला धजत नसत. पण फळ्यावरचं सोडून दुसरं हृदय, अगदी बोकडाचंसुद्धा, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मैदानाशी तर त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. कोल्हापुरात राहून ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशी माणसं थोडी, त्यांत त्या एक. सामना सुटला की रस्ते तुंबतात आणि रिक्षा मिळत नाही, एवढंच त्यांना फुटबॉलविषयी ठाऊक.

त्यांच्या शाळेतल्या एका पोराचा गुडघा कबड्डीत मुरगळला, कुणीतरी मैदानातच तो ओढून बसवायला गेला आणि पोरगं वर्षभर लंगडत राहिलं. त्या प्रकरणानंतर संस्थेनं ठरवलं, शाळेत खेळाडूंसाठी क्रीडावैद्यक कक्ष काढायचा. परदेशात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं यंत्रं पाठवली. खोक्यांनी व्हरांडा भरला, पण जबाबदारी घ्यायला कुणी पुढं होईना. क्रीडाशिक्षक आकाराम सर म्हणाले, माझ्या हातात शिट्टी हाय, तेवढी बास. शेवटी मुख्याध्यापक विजयमालाबाईंकडं वळले.

"शरीर तुमचाच विषय की, मॅडम."

नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून त्या हो म्हणाल्या. घरी नवऱ्याला, गोमटेशना, सांगितलं तेव्हा ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "रक्त बघून चक्कर येते तुला." त्या म्हणाल्या, "बघू, येते का अजून."

भूगोलाचे नकाशे ठेवायची खोली रिकामी झाली. तिथं तपासायचा पलंग आला, पट्ट्यांचं कपाट आलं, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र आलं. भर उन्हात पोरगं तापून पडलं तर त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, हे त्या एका रुग्णालयात प्रशिक्षणाला जाऊन शिकून आल्या होत्या. पण एवढा मोठा टब कुठून आणायचा? आकाराम सरांच्या गावी बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. तिथली गूळ करायची लोखंडी काहील त्यांनी टेम्पोत घालून आणली आणि कडुलिंबाखाली मांडली. पोरं म्हणाली, "मॅडम, आता गूळ पाडताय काय?" बर्फ दूध संकलन केंद्रावरून यायचा. ते केंद्र चालवायचे अमरसिंह इंगवले, दहावीतल्या क्रांतीचे वडील. पूर्वी पेठेच्या संघातून खेळलेला दांडगा गडी.

पेठ वडगावहून वृषभ नावाचा तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येऊ लागला. बाकी दिवस बाईच कक्ष चालवायच्या. डोक्याला मार बसला की त्या दिवशी खेळ बंद. गुडघा सुजला की डॉक्टरकडं, ओढाओढी नाही. सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, म्हणून सराव लांबला की त्या कक्षातच डबा उघडायच्या आणि एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं पोरांना बर्फ द्यायच्या.

आणि हळूहळू त्यांना काहीतरी होऊ लागलं. मुरगळलेला घोटा आज काळानिळा, चार दिवसांनी हिरवट, मग हळदीसारखा पिवळा, आणि एके दिवशी काही झालंच नव्हतं असा. कुणी केलं हे? त्यांनी तर नुसता बर्फ लावला होता. मैदानाला फेऱ्या मारून आलेल्या पोराच्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडी ताशासारखी वाजायची, आणि हाताखालीच, बघता बघता, शांत होत जायची. पुस्तकातली ही सगळी वाक्यं त्यांनी शेकडो वेळा फळ्यावर लिहिली होती. ती खरी असतात, हे मात्र त्यांना आता कळत होतं. घरी जाऊन त्या गोमटेशना सांगायच्या आणि सांगता सांगता भाजी करपायची.

शालेय स्पर्धांचा हंगाम रंगात आला तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर पूर्णिमा यांनी सुचवलं, सगळ्या खेळाडूंचा आलेख एकदा काढून घेऊ. त्या स्वतः एका शनिवारी आल्या, सोबत हृदय दाखवणारं छोटं सोनोग्राफी यंत्र घेऊन. पोरं रांगेनं पलंगावर आडवी व्हायची, कागद सरकत बाहेर यायचा, डॉक्टर बघून बाजूला ठेवायच्या. क्रांतीचा कागद मात्र त्यांनी बाजूला ठेवला नाही.

क्रांती मुलींच्या संघाची जीव की प्राण. मधल्या फळीत खेळायची, वाऱ्यासारखी. पेठेतल्या पोरींसारखी स्वतःविषयी 'येतो', 'जातो' असंच बोलायची.

"काय झालं डॉक्टर? मी पास न्हाय?"

"पड जरा अजून," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं यंत्र तिच्या बरगड्यांवर टेकवलं.

काळ्या पडद्यावर राखाडी धुकं हललं आणि त्या धुक्यातून एक हृदय वर आलं.

विजयमालाबाई बघतच राहिल्या. चार कप्पे, अगदी जिथं असायला हवेत तिथं. पण फळ्यावरचं हृदय गप्प असायचं, हे नाचत होतं. झडपा पाकोळीच्या पंखासारख्या उघडत होत्या, मिटत होत्या, कुणी सांगत नव्हतं, कुणी थांबवत नव्हतं. आईच्या पोटात असल्यापासून हे असंच चाललंय, पोर झोपली तरी, भांडली तरी, गणितात नापास झाली तरी. काही न कापता, टाचणीसुद्धा न टोचता, जिवंत माणसाचं काळीज डोळ्यांसमोर. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. जैन मंदिरात उभं राहिल्यावर जोडले जातात, तसे. डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि पडदा थोडा त्यांच्याकडं फिरवला.

"हृदयाची ठेवण उत्तम आहे," डॉक्टर पूर्णिमा म्हणाल्या. "भानगड विजेच्या वाटेत आहे." मग त्यांनी कागदावर बोट ठेवून समजावलं. ठोक्याचा इशारा वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात एकाच दारानं जातो आणि त्या दाराशी क्षणभर थांबतो. क्रांतीच्या हृदयात जन्मापासून केसाएवढी एक चोरवाट राहून गेली होती. इशारा न थांबता तिथनं निसटायचा. आलेखावरची रेघ म्हणूनच सरळ उभी न राहता पायथ्याशी तिरकी झाली होती. "एरवी काही होत नाही. पण कधी धावता धावता ठोके त्या वाटेनं उधळले, तर काहीही होऊ शकतं. पुढची तपासणी आणि उपचार होईतो खेळायचं नाही."

बुधवारी उपांत्य सामना होता.

सोमवारी अमरसिंह कक्षात आले. दारातच म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी घोड्यागत पळतीय आणि तुम्ही तिला आजारी पाडताय?"

"आजारी नाही पाडलं, अमरसिंह. जे आहे ते दिसलं."

"अवो, आमच्या सात पिढ्यांत कुणाला काळजाचं न्हाय झालं. आम्ही काय आलेख काढून खेळलो काय? खेळू दे की बुधवारी, मग बघू."

आकाराम सरही मागं उभे होते. त्यांनाही सामना हवा होता, पण ते नुसते कपाटाकडं बघत राहिले.

बाईंना असल्या आवाजाची सवय नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "तिच्या खेळायच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. हवं तर मला काढा आणि दुसऱ्याकडून सही घ्या. मी तिचं हृदय पाहिलंय. पाहिल्यानंतर मला तिला मैदानात सोडता येणार नाही."

पलंगाच्या कडेवर बसलेली क्रांती बुटाची लेस बोटाला गुंडाळत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "बाबा, मला होतंय मधनं मधनं."

"काय होतंय?"

"छातीत कबुतर शिरल्यागत. फडफड फडफड. डोळ्यांपुढं अंधारी येती. मग मी बुटाची लेस बांधायला खाली बसतो. कुणाला कळत न्हाय."

अमरसिंहांचा चेहरा उतरला. प्रत्येक सामन्यात ती लेस बांधायला बसायची आणि ते गॅलरीतून ओरडायचे, लेस घट्ट बांध की गं घरनंच. ते हळूच स्टुलावर टेकले. "कधीपासनं?"

"आठवीपासनं. सांगितलं तर खेळू देणार न्हाय म्हणून न्हाय सांगितलं."

बुधवारी शाळा हरली. दोन दिवस व्हरांड्यात बाईंच्या पाठीमागं कुजबुज चालली, एकानं तर तोंडावर विचारलं, आता कक्षाची पूजा घालायची काय? त्यांना वाईट वाटलं, पण सही केली नाही याचं वाईट वाटलं नाही.

उपचार पुढच्या आठवड्यात ठरला. मांडीतल्या शिरेतून बारीक तार थेट हृदयात न्यायची, चोरवाट शोधायची आणि उष्णतेनं तेवढीच जाळून बंद करायची. छाती उघडायची नाही. बाहेर काचेआड बसून पडदे बघायची एक खोली होती, तिथं घरच्या एकाला थांबू देऊ, असं डॉक्टर म्हणाल्या. अमरसिंह दारापर्यंत गेले आणि मागं फिरले. "माझ्यानं न्हाय बघवणार, मॅडम. तुम्ही जावा. तुम्ही जे सांगाल ते मला मान्य."

बेडूक न कापलेल्या विजयमालाबाई आत गेल्या.

काचेपलीकडं क्रांती गुंगीत पडली होती. एका पडद्यावर सावलीसारखं हृदय आणि त्यात हलणाऱ्या तारा, दुसऱ्यावर रंगीत रेघा धावताना. डॉक्टर पूर्णिमा तार केसभर पुढं न्यायच्या, थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, पुन्हा केसभर मागं. मुठीएवढ्या हलत्या हृदयात केसाएवढी वाट माणूस शोधतो कसा, या विचारानं बाईंच्या अंगावर काटा आला. चक्कर मात्र आली नाही. शेजारी बसलेल्या तंत्रज्ञानं पडद्यावर बोट टेकवलं. "ही तिरकी रेघ बघत राहा."

आतून डॉक्टरांनी खूण केली. उष्णता सुरू झाली. तिरकी रेघ, तिरकी रेघ, तिरकी रेघ. आणि पुढचाच ठोका सरळ.

मधे काही नव्हतं. कापरं नाही, आवाज नाही. जन्मापासून सोबत असलेली गोष्ट एका ठोक्यात नाहीशी झाली आणि हृदय जणू आपल्याला सगळं माहीत होतं अशा थाटात चालत राहिलं. बाईंनी किती वेळ श्वास रोखून धरला होता ते त्यांनाच कळलं नाही. बाहेर येऊन त्या अमरसिंहांना एवढंच सांगू शकल्या, "सरळ झाली." तेवढ्या दांडग्या माणसानं तिथंच भिंतीला टेकून चेहरा रुमालात घेतला.

क्रांती दुसऱ्या दिवशी घरी आली. महिन्याभरानं पुन्हा आलेख काढला, डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि ती सरावाला उतरली. विजयमालाबाई तेव्हा पहिल्यांदा मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. ऑफसाइड त्यांना तेव्हाही कळलं नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की पोरगी धावतेय, धावतच राहिलीय, आणि मधे कुठंही खाली बसत नाही.

ही गोष्ट तिथंच थांबली असती. पण अमरसिंहांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, एका रविवारी ते पेठेतल्या तालमीचे झाडून सगळे गडी घेऊन शाळेत हजर झाले. फुटबॉलवाले, पैलवान, काही पन्नाशीचे वस्तादसुद्धा. "मॅडम, ह्यांचं पण बघा. नुसती शरीरं केल्यात, आत काय चाललंय कुणाला ठावं न्हाय." डॉक्टर पूर्णिमा हसल्या आणि यंत्र लावायला बसल्या. भलीमोठी माणसं शाळेच्या बारक्या बाकांवर अंग चोरून बसली, शर्ट काढताना लाजली.

गणपतराव नावाच्या जुन्या पैलवानाची पाळी आली तेव्हा डॉक्टर दुसऱ्याचा कागद बघत होत्या, म्हणून विजयमालाबाईंनीच त्यांचं मनगट हातात घेतलं. मनगट कसलं, उसाचं बुडखं. बोटांना एक ठोका लागला, मोठा, संथ. मग काहीच नाही. त्या घाबरल्या. पैलवान निवांत त्यांच्याकडं बघत होते. मग दुसरा ठोका आला, तसाच भरदार, कुठल्याही घाईचा नाही.

"डॉक्टर, हे इतकं हळू का?"

"जन्मभर व्यायाम केलेलं हृदय आहे, मॅडम. एका ठोक्यात पुरेसं रक्त देतं, त्याला धावपळ करायची गरज नाही."

गणपतराव म्हणाले, "काय वंगाळ हाय काय?"

"नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. "फार छान आहे." मोजणी कधीच झाली होती, मागं रांग खोळंबली होती, तरी त्यांनी बोटं काढली नाहीत. एक ठोका गेला होता आणि त्या पुढच्याची वाट बघत होत्या.